हे कुठल्या कलमात लिहू?

लोकमान्य नगरात आमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या अण्णांच्या वसीयतीवर साक्षीदार म्हणून माझी सही होती. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या बाईची सही, म्हणजे कुणी बोट ठेवणार नाही, असा अण्णांचा हिशेब. (मृत्युपत्र हा शब्द आमच्या इंदुरात सहसा कुणी वापरत नाही. एक तर त्यात मृत्यू आहे, आणि दुसरं म्हणजे इथले कागद हिंदीत होतात.) सही केली, पोहे खाल्ले, घरी आले आणि विसरून गेले. अण्णा गेल्यावर दोन वर्षांनी समन्स आलं.

धाकट्या मुलानं वसीयतीला आव्हान दिलं होतं. घर मोठ्याला, धाकट्याला फक्त बँकेतली थोडी रक्कम, असं अण्णांनी लिहून ठेवलेलं. वडिलांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, असं धाकट्याचं म्हणणं. आपल्याकडे वसीयत साध्या कागदावर चालते, तिला स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर केलीच पाहिजे असंही नाही. पण १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं दोन साक्षीदार मात्र लागतात, आणि वाद झाला तर त्यातल्या निदान एकाला कोर्टात येऊन सांगावं लागतं, की हो, माझ्यासमोर सही झाली. दुसरे साक्षीदार तोवर स्वर्गवासी झाले होते. राहिले मी.

उलटतपासणी हिंदीत झाली. त्या दिवशी तिथे काय खाल्लंत? पोहे. वर जिरावन होतं? होतं. सही निळ्या पेनानं की काळ्या? निळ्या. अण्णांनी चष्मा लावला होता? लावला होता, आणि टाइप केलेल्या कागदात त्यांच्या मूळ गावाचं नाव चुकलं होतं, ते त्यांनी स्वतः खोडून नीट केलं, बाजूला छोटी सही केली. मला वाटलं, संपलं. मग वकिलानं आवाज खाली आणला. अण्णा एकदा अन्नपूर्णा मंदिराजवळ घरचा रस्ता विसरले होते, हे खरं का? खरं होतं. मीच त्यांना रिक्षात बसवून घरी आणलं होतं. पण ते वसीयतीनंतर आठ महिन्यांनी. ‘होय’ एवढंच त्यानं ऐकून घेतलं, आठ महिने सांगायला मला दुसऱ्या वकिलाच्या प्रश्नाची वाट पाहावी लागली. तेवढ्या वेळात मला वाटत राहिलं, की ज्या माणसानं आयुष्यभर गल्लीतल्या सगळ्यांचे आयकराचे कागद भरून दिले, त्याला भर दिवसा चारचौघांत खुळा ठरवायला मी मदत करते आहे.

बाहेर व्हरांड्यात धाकटा भेटला. पेशीसाठी बंगळुरूहून आलेला. लहानपणी आमच्या अंगणातले पेरू चोरायचा.

‘काकू, राग मानू नका. बाबा वेडे नव्हते, मला माहीत आहे. पण दादाच्या इंजिनियरिंगची फी बाबांनी भरली, माझं कर्ज मी दहा वर्षं फेडलं, आणि आता घरही दादालाच. हे कुठल्या कलमात लिहू?’

मला काही सुचलं नाही. नंतर हाताशी होते तेवढे कायदे वाचले, ओळखीच्या दोन वकिलांना पिडलं. उत्तर सोपं निघालं. कुठल्याच कलमात नाही.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं तिसावं कलम सांगतं, की जे तुमचं आहे ते वसीयतीनं तुम्ही कुणालाही देऊ शकता. वसीयत नसेल तर मुलगा, मुलगी, विधवा पत्नी, आई सगळे सारख्या वाट्याचे. वसीयत असेल तर पोटच्या मुलाच्या तोंडाला पानं पुसली तरी चालतात. कोर्ट विचारतं ते एवढंच, की हा कागद खरोखर त्या माणसाचा आहे का, काय लिहितो आहे ते त्याला कळत होतं का, कुणी दडपण आणलं का. लिहिलेलं न्यायाचं आहे का, हा प्रश्नच नाही. त्यामुळे ज्याला डावललं गेलं त्याच्यासमोर तीनच वाटा उरतात. सही खोटी आहे म्हणा, बापाला भ्रम झाला होता म्हणा, नाहीतर भावानं-बहिणीनं कान भरले म्हणा. ‘मला कमी दिलं, आणि मला गरज होती’ हे साधं, खरं वाक्य दाव्यात लिहिण्याची सोय नाही.

माझं म्हणणं असं, की ही सोय हवी. मात्र सगळ्यांना नाही. अण्णांच्या धाकट्याला तर नाहीच. त्याच्याकडे परत येते.

आधी दुसरी गोष्ट. माझ्या मैत्रिणीची मुलगी २००७ साली घटस्फोट घेऊन माहेरी आली. एका खासगी शाळेत शिकवायची. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा शाळा सोडून तिनं घरीच शिकवण्या सुरू केल्या. आई गेली. मग वडिलांची किडनी. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, चार वर्षं. सकाळी सहाला रिक्षा, अकराला परत, दुपारी मुलं शिकायला येणार, संध्याकाळी वडिलांना मोजून पाणी, कारण जास्त प्यायले तर पाय सुजणार. पाण्याच्या ग्लासावर तिनं नेलपॉलिशनं रेघ मारलेली होती, ती मी पाहिली आहे. भाऊ पुण्याला. वाईट नाही तो, फोन करायचा, दिवाळीला यायचा, आणि पैसेही पाठवायचा.

वडिलांनी घर मुलाला दिलं. कुळाचं घर मुलाकडे जावं, एवढंच कारण असावं. मुलीला आईच्या बांगड्या आणि तीन लाखांची ठेव. ती वकिलाकडे गेली. वकील सरळ म्हणाला, सही बाबांची नाही असं म्हणा, स्टे घेऊ, भावाला घर विकता येणार नाही, मग बसेल बोलायला. ती म्हणाली, ‘सही माझ्यासमोर झाली. पेन मीच दिलं होतं.’ आणि उठून आली.

अण्णांच्या घरचा दावा पुढे तडजोडीत मिटला. मोठ्याला घर पाडून बांधायचं होतं, दावा चालू असताना बिल्डर हात लावेना, तेव्हा धाकट्याला बारा लाख देऊन त्यानं कागदावर सह्या घेतल्या. वडील भ्रमिष्ट होते असं शपथेवर सांगणाऱ्याला बारा लाख मिळाले. खोटी शपथ न घेणारी भाड्याच्या खोलीत गेली. आपल्या कायद्यात जी फट आहे, ती या दोन घरांच्या मधोमध आहे, आणि शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं म्हणून ती बुजत नाही.

इथे कुणी म्हणेल, मुलीसाठी काहीच नाही असं कसं? आहे, जवळपास आहे. वारसा कायद्याच्याच वर्षी, १९५६ साली, दुसरा एक कायदा झाला, दत्तक आणि पोटगीचा. त्याची एकवीस आणि बावीस ही कलमं फार कुणाला ठाऊक नसतात. त्यांत मृत माणसाच्या आश्रितांची यादी आहे: आईवडील, विधवा पत्नी, अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी, काही अटींवर विधवा मुलगी, विधवा सून वगैरे. यांपैकी कुणाला वसीयतीत काहीच मिळालं नाही, तर ज्यांनी मालमत्ता घेतली त्यांच्याकडून पोटगी मागता येते. म्हणजे बापानं लिहिलेला शब्द हा शेवटचा शब्द नाही, हे तत्त्व आपल्याकडे जवळजवळ सत्तर वर्षं आहेच. ते काही विलायतेहून आणायचं नाही.

आता यादी पुन्हा वाचा. अविवाहित मुलगी आहे, मग ती पन्नाशीची असली तरी चालते. विधवा मुलगी आहे. घटस्फोटित मुलगी नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२३ साली अशाच एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की घटस्फोटित मुलगी या कलमातली आश्रित नव्हे. यादी केली तेव्हा हिंदूंना देशभर घटस्फोटाचा कायदा मिळून वर्षच झालं होतं. नवरा सोडून माहेरी परतलेली आणि तिथेच म्हातारी होणारी मुलगी यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नसावी, असा माझा तर्क. पण ती आज प्रत्येक कॉलनीत आहे. आणखी एक जण यादीत नाही, ते पाहून तर मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सज्ञान अपंग मुलगा. अठरा वर्षं पूर्ण झाली, की मतिमंद मुलगाही कायद्याच्या लेखी बापाच्या मालमत्तेवर अवलंबून राहत नाही. इंग्लंडमध्ये १९३८ साली असा कायदा झाला, तेव्हा त्या यादीत कमावू न शकणारा सज्ञान मुलगा होता. आपण अठरा वर्षांनी यादी केली आणि तो गळाला.

वसीयत हीच मुळात आपल्याकडे अलीकडची. जुन्या धर्मशास्त्रात तिला जागा नव्हती. इंग्रजी अमलात ती रुळली, आणि १८७० साली हिंदूंच्या वसीयतींसाठी कायदा झाला. त्याच सुमारास कलकत्त्याला एक मोठा खटला गाजत होता. प्रसन्नकुमार टागोरांनी प्रचंड मालमत्ता ठेवली, आणि ख्रिस्ती झालेल्या एकुलत्या एक मुलाला, ज्ञानेंद्रमोहनला, वसीयतीत काही ठेवलं नाही. मुलगा बॅरिस्टर. तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेला. १८७२ साली निकाल लागला, की बाप मुलाला डावलू शकतो. गंमत अशी, की मुलाच्या हाती शेवटी जे काही लागलं ते न्यायअन्यायाच्या मुद्द्यावर नाही; जन्मालाच न आलेल्या माणसाला दान देता येत नाही, या तांत्रिक कारणावर पुढची तरतूद पडली म्हणून. दीडशे वर्षांपूर्वीचा बॅरिस्टर आणि बंगळुरूचा इंजिनियर, दोघांनाही मनातलं सोडून भलत्याच मुद्द्यावर भांडावं लागलं.

(जूनी इंदूरकडे कुणाशी हा विषय काढला, की हमखास ऐकू येतं, ‘आमचं वडिलोपार्जित आहे, ते लिहून देताच येत नाही.’ बहुतेकांचं चुकतं. वडिलांना त्यांच्या वडिलांकडून १९५६ नंतर वारसानं मिळालेलं घर हे त्यांचं स्वतःचं ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८६ सालीच सांगितलं आहे. खरं एकत्र कुटुंबाचं असेल, तरी स्वतःच्या वाट्यापुरती वसीयत करता येते.)

माझा भाचा सिडनीला असतो. हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाला, ‘मावशी, इथे तर बापानं कमी दिलं म्हणून कोर्टात जाता येतं.’ खरं आहे. न्यू साउथ वेल्समध्ये मृत्यूनंतर बारा महिन्यांच्या आत मुलगा-मुलगी अर्ज करू शकतात, सज्ञान असले तरी. या कल्पनेची सुरुवात न्यूझीलंडची, १९०० सालची. तिथे बापाचं नैतिक कर्तव्य काय होतं हे कोर्ट पाहतं, आणि बऱ्यापैकी कमावणाऱ्या मुलांनाही कधी कधी काही मिळून जातं. (भाच्याला लगेच सांगितलं, की इंदूरची जमीन इंदूरच्याच कायद्यानं जाणार, तेव्हा उगीच स्वप्नं पाहू नकोस. त्याची आई अजून धडधाकट आहे.)

इंग्लंडनं १९७५ साली दार सगळ्याच मुलांना उघडलं, पण पायरी उंच ठेवली. सज्ञान मुलानं मागायचं ते फक्त निर्वाहापुरतं. तिथलं एक प्रकरण वाचताना मला सारखी आपलीच माणसं दिसत होती. सतरा वर्षांची मुलगी १९७८ साली घर सोडून प्रियकराकडे गेली. आईनं तिला कधी माफ केलं नाही. २००४ साली आई वारली, जवळजवळ पाच लाख पौंडांची मालमत्ता, आणि बहुतेक सगळी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या तीन संस्थांना. मुलगी पाच मुलांची आई, सरकारी मदतीवर जगणारी. खालच्या कोर्टानं तिला पन्नास हजार पौंड दिले. वरच्यानं ते जवळजवळ तिप्पट केले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा पन्नास हजारांवर आणलं, आणि त्याच निकालात एका न्यायाधीशबाईंनी जवळजवळ वैतागून लिहिलं, की सज्ञान मुलाची मागणी कशाच्या आधारावर तोलायची, हे कायदा धड सांगतच नाही. आईच्या मृत्यूनंतर तेरा वर्षं गेली होती.

माझ्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपात एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, ‘हेच तर! मी कमावलं, मी ठरवीन. कुत्र्यामांजरांना देईन. मुलं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला. आमच्या हातात दुसरं आहे काय? ही वसीयत तेवढी आहे, म्हणून महिन्यातून दोनदा फोन येतो.’ सगळे हसले, पण ते हसले नाहीत.

त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. म्हाताऱ्या माणसाचं वजन घरात कशानं राहतं, हे मी बँकेच्या काउंटरवरून पाहिलं आहे. ठेवीवर नॉमिनी बदलायला एकटे येणारे आजोबा आणि मुलाबरोबर येणारे आजोबा, यांच्या चेहऱ्यांत फरक असतो. म्हणूनच गोव्यासारखी व्यवस्था मला नको. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात अर्धी मालमत्ता मुलाबाळांसाठी राखीव असते, बापानं काहीही लिहिलं तरी. मुस्लिम कायद्यात वसीयत एक तृतीयांशापलीकडे चालत नाही. या दोन्ही रीतींना आपलं शहाणपण आहे, भांडणं आधीच आटोक्यात येतात. पण ठरावीक हिस्सा डोळे मिटून दिला जातो. ज्यानं पाण्याच्या ग्लासावर रेघ मारली त्यालाही तेवढाच, आणि ज्यानं फक्त दिवाळीला फराळ खाल्ला त्यालाही.

प्राध्यापकांचा मुद्दा एका जागी मात्र लंगडतो. ‘मी कमावलं’ हे घर बांधेपर्यंत खरं. पुढची वीस वर्षं ते घर कुणी उभं ठेवलं? आमच्या घरी सासूबाईंसाठी बारा तासांची बाई ठेवली होती, महिन्याला पंधरा हजार. मैत्रिणीच्या मुलीची दहा वर्षं याच भावानं धरली, तर अठरा लाख होतात, व्याज सोडून. हे अठरा लाख वडिलांच्या ठेवींत शिल्लक राहिले, ते तिनं बाहेर काढू दिले नाहीत म्हणून. वडिलांनी जे मुलाला दिलं, त्यात हे तिचे होते. बँकेच्या भाषेत याला देणं म्हणतात, आणि मालमत्ता वाटण्याआधी देणी फेडावी लागतात.

सरकारला सेवेची किंमत कळत नाही, असंही नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आईवडिलांना मुलांकडून निर्वाह मागता येतो, तोही एसडीएम म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यासमोर, वकिलांच्या फौजेशिवाय. सांभाळीन या अटीवर घर लिहून घेतलं आणि सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होतं. आपल्याच राज्यातल्या छतरपूरच्या एका आईचं असं दानपत्र सर्वोच्च न्यायालयानं २ जानेवारी २०२५ ला रद्द ठरवलं, घर तिला परत द्यायला लावलं. त्याच कायद्यात निपुत्रिक ज्येष्ठांबद्दल लिहिलं आहे, की जो वारसा घेणार त्यानं सांभाळायचं. म्हणजे सेवा आणि वारसा यांची गाठ कायद्यानं एका बाजूनं मारली आहेच. न सांभाळणाऱ्याकडून काढून घेता येतं. ज्यानं सांभाळलं त्याची नोंद कुठेही नाही.

मला हवं आहे ते इतकंच, की १९५६ ची ती आश्रितांची यादी पुन्हा उघडावी. घटस्फोटित आणि नवऱ्यानं टाकलेली मुलगी तीत यावी. कमावू न शकणारं अपत्य यावं, वय कितीही असो. आणि ज्या मुलानं वा मुलीनं आईवडिलांच्या आजारपणासाठी स्वतःची कमाई सोडली, आणि त्यामुळे आज ज्याच्याकडे पुरेसं नाही, ते यावं. त्यांनी मालकी मागू नये. राहायला छप्पर किंवा महिन्याची रक्कम मागावी, वर्षभराच्या आत मागावी, आणि बाकी मालमत्ता त्यापायी अडकून पडू नये. वसीयतीवर खोटेपणाचा आरोप न करता मागावी, हे सगळ्यात महत्त्वाचं. वडील शहाणे होते, सही त्यांचीच आहे, आणि तरीही मला द्या, असं म्हणता यावं.

कोर्टातली गर्दी वाढेल, असा आक्षेप येतो. वाढेल थोडी. पण खोट्या सहीचे, वेडेपणाचे, हस्ताक्षरतज्ज्ञांचे जे दावे आज वर्षानुवर्षं चालतात, त्यांतले किती खरं तर याच एका वाक्यासाठी असतात, ते व्हरांड्यात उभं राहिलं की कळतं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि तो मला माझ्याच बहिणीनं ऐकवला. ‘सेवा करणारा म्हणजे नेहमी त्याग करणारा नसतो गं. पेन्शनवर बसून खाणारेही असतात.’ असतात. आमच्या गल्लीतच एक आहे. वडिलांची पेन्शन काढायला महिन्याच्या एक तारखेला त्याचा उत्साह पाहावा. म्हणून तर हिशेब व्हायला हवा, दोन्ही रकाने भरून. काय केलं आणि काय घेतलं. ठरावीक हिश्श्याच्या कायद्यात तो होत नाही, आजच्या कायद्यात तर त्याला वावच नाही.

आणि मुलींचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते. वसीयत नसलेल्या घरांत कायदा मुलीला भावाइतकंच देतो. मग तेराव्याच्या आसपास, पाहुणे असतानाच, हक त्यागाचा कागद पुढे येतो. ‘नामांतरणाला सोपं जातं’ असं सांगतात. बहीण सही करते, बदल्यात माहेर शिल्लक राहतं असं तिला वाटतं. त्या कागदांवरही मी साक्षीदार म्हणून सह्या केल्या आहेत, दोनदा. तेव्हा मला काही खटकलं नाही. आता कुणी बोलावलं तर जात नाही.

आता अण्णांचा धाकटा. त्याला माझ्या या खिडकीतून काही मिळणार नाही. त्याचा पगार चांगला, फ्लॅट स्वतःचा, आणि अण्णांच्या शेवटच्या आजारपणात मोठा आणि त्याची बायको रात्री जागले. धाकट्याचं दुःख खरं आहे, पण ते पैशानं भरायचं दुःख नाही. तडजोड झाल्यावर मोठ्याशी बोलणं झालं. तो म्हणाला, ‘काकू, त्याच्या फ्लॅटच्या सुरुवातीच्या रकमेत बाबांचे चार लाख होते. ते त्यानं सांगितलं का तुम्हाला?’ नव्हतं सांगितलं. मोठ्यानंही कोर्टात ते काढलं नाही, कारण वकील म्हणाला, त्याचा वसीयतीशी संबंध नाही. फीचा संबंध नाही, फ्लॅटचा नाही, रात्रींच्या जागरणाचाही नाही. संबंध फक्त निळ्या पेनाचा आणि पोह्यांचा.

हे अण्णांनी चार ओळींत लिहून ठेवलं असतं तर? धाकट्याचं कर्ज माझ्या लक्षात आहे, त्याला फ्लॅटच्या वेळी एवढे दिले, मोठा इथे राहिला म्हणून घर त्याला. वसीयतीत कारण लिहावंच लागतं असं नाही, आणि आपल्याकडचे बाप कारण सांगणं कमीपणाचं समजतात. पण कारण नसलेला कागद मुलं आयुष्यभर आपापल्या परीनं वाचत बसतात. माझी स्वतःची वसीयत मागच्या वर्षी झाली. मुलगा आणि मुलगी दोघांना वाचून दाखवली, कारणांसकट. मुलगी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं एक कारण चुकीचं आहे असं सांगितलं, आणि तिचं बरोबर होतं. मी ते बदललं.

मैत्रिणीच्या मुलीला मागच्या आठवड्यात भेटायला गेले होते. राजेंद्र नगरात एक खोली आहे तिची, बाहेर शिकवणीच्या मुलांच्या चपला. आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात तिच्या फोनवर मेसेज वाजला. नगर निगमचा होता, जुन्या घराच्या जलकराचा. वडिलांच्या वेळेपासून तिथे तिचाच नंबर दिलेला आहे. भावानं अजून बदलला नाही. तिनं तो वाचला, भावाला फॉरवर्ड केला, खाली लिहिलं, ‘तीस तारखेच्या आत भर, नाहीतर दंड लागतो’, आणि माझ्या कपात अजून थोडा चहा ओतला.